पेशींना विचारून बघणाऱ्या कमलताई

सकाळची लोणावळा-पुणे लोकल पकडून कॉलेज गाठणाऱ्यांनो, एक छोटं काम करा. जीभ मागच्या दाढांवरून फिरवा. कुठे तरी थोडा वेगळा, थोडा खडबडीत भाग लागतोय? तळेगाव, वडगाव किंवा लोणावळ्यातल्या एखाद्या डेंटिस्टनं कीड साफ करून भरलेलं ते फिलिंग असणार. आता जीभ त्याच दाताच्या मुळाशी, हिरडीपाशी न्या. फिलिंग तिथपर्यंत गेलं असेल, तर तुमच्या शरीराचा एक जिवंत भाग गेली काही वर्षं रात्रंदिवस कारखान्यात बनलेल्या एका पदार्थाला टेकून बसलाय.

त्या हिरडीला ते चालतं का? आणि चालतं हे कुणाला कसं कळलं?

डॉक्टरांनी अंदाजानं ठरवलं असं म्हणाल, तर ते अर्धंच खरं. असा पदार्थ बाजारात येण्याआधी त्याची एक परीक्षा होते. पेशी शरीराबाहेर, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवतात आणि त्यांच्यासमोर तो पदार्थ ठेवतात. पेशी जगल्या, वाढल्या, तर पुढे जायचं. मेल्या, तर थांबून विचार करायचा. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवण्याच्या या तंत्राला टिश्यू कल्चर म्हणतात. हे तंत्र आपल्याकडे रुजवणाऱ्यांत सगळ्यात आधी नाव येतं ते पुण्यात जन्मलेल्या एका बाईंचं, डॉ. कमल रणदिवे यांचं. भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली.

त्यांचा विषय दात नव्हता, कर्करोग होता. पण पेशींना थेट विचारून बघायची सवय त्यांनी लावली. ती त्यांना कशी लागली, ते वाचा. सायन्सला असाल तर वाचाच, आणि आर्ट्स-कॉमर्सला असलात तरी सोडू नका.

डॉक्टर नको, सीताफळ चालेल

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींना शिकवायचं की नाही यावर अजून वाद झडत होते, त्या काळात या घरात मुलांच्या शिक्षणाबद्दल तडजोड नव्हती. कमल हुजूरपागेत शिकल्या. हुशार होत्या, मार्क भरपूर पडायचे. पुढे काय, हे वडिलांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मुलीनं मेडिकलला जावं आणि लग्नही डॉक्टरशीच करावं.

ओळखीचं वाटतंय ना? बारावीच्या निकालानंतर तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हेच नाटक झालं असेल. फरक एवढाच की कमलनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि ते विशेष प्रावीण्यासह. मग एम.एस्सी.साठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी आणि त्यांतली गुणसूत्रं.

कर्करोगाचा आणि सीताफळाचा काय संबंध, असं वाटेल. पण पेशी ही पेशीच. ती कशी विभागते, गुणसूत्रं कशी रांगेत उभी राहतात, कुठे गडबड होते, हे बघायला नजर तयार व्हावी लागते. तासन् तास मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसायची शिस्त कमलनी झाडांवर गिरवली. करिअरचा रस्ता सरळ नाही म्हणून तुम्ही आज घाबरत असाल, तर हे लक्षात ठेवा.

मधल्या काळात, १३ मे १९३९ रोजी, त्यांचं लग्न झालं. नवरा डॉक्टर नव्हता, गणिती होता. ज. त्र्यं. रणदिवे. एम.एस्सी. पूर्ण झालं ते १९४३ मध्ये, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी. त्या काळात लग्न म्हणजे बहुतेक मुलींच्या शिक्षणाला पूर्णविराम. इथे तसं झालं नाही. पेशीशास्त्रातल्या पुढच्या अभ्यासात नवऱ्यानं त्यांना मदतच केली. आणि गंमत बघा, पेशीशास्त्र हा वडिलांच्याही आवडीचा विषय. मेडिकलच्या बाबतीत मुलीनं ऐकलं नाही, पण विषय वडिलांच्या मनातलाच निघाला.

घाट उतरून मुंबईत

लग्नानंतर बिऱ्हाड मुंबईला गेलं. पुणे सोडून मुंबईला जायचं म्हणजे रस्त्यानं जा नाही तर रेल्वेनं, लोणावळा-खंडाळा ओलांडून बोरघाट उतरावाच लागतो. आपल्या मावळातून पूर्वी आणि आजही कितीतरी जण याच वाटेनं मोठ्या शहरात गेलेत.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. कमलताई त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या.

खानोलकरांचं एक काम इथे सांगायलाच हवं, कारण ते थेट हिरडीशी जोडलेलं आहे. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई या सहकाऱ्यानं एक शोधनिबंध लिहिला. लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचं नातं त्यात मांडलं होतं. धोतराची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासली जाते, तिथे त्वचेचा कर्करोग. चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, तिथे टाळूचा कर्करोग. आणि तंबाखू-चुन्याची गोळी खालचा ओठ आणि हिरडी यांच्या खाचेत ठेवतात, तिथे बरोबर त्याच खाचेत कर्करोग.

थोडक्यात, पदार्थ जिथे टेकतो, तिथलीच पेशी बिघडते. आज ही गोष्ट गुटख्याच्या पुडीवर छापलेल्या चित्रातूनही कळते. पण तेव्हा ती एकेक रुग्ण तपासून, एकेक तुकडा काचपट्टीवर ठेवून शोधावी लागली. शरीरातला पदार्थ आणि त्याच्या शेजारची पेशी, हा प्रश्न कमलताईंच्या आसपास असा रोज घोळत होता.

त्यांनी स्वतः निवडला स्तनाचा कर्करोग. उंदरांच्या काही जातींमध्ये हा रोग खूप होतो, काहींमध्ये जवळजवळ होतच नाही. असं का? आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरकं आणि आईच्या दुधातून पिल्लांकडे जाणारा एक विषाणू, या तिन्हींचा हात त्यात असतो. कर्करोग होण्याची शक्यता, संप्रेरकं आणि विषाणू यांचं हे एकमेकांतलं नातं दाखवणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत कमलताई होत्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठानं त्यांना पीएच.डी. दिली.

बाल्टिमोरची फिरती नळी

डॉक्टरेट मिळाली, आता स्थिर व्हायचं, असं कुणीही म्हणालं असतं. खानोलकरांनी उलट त्यांना अमेरिकेची फेलोशिप घ्यायला लावली. कमलताई बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत टिश्यू कल्चर शिकायला गेल्या.

हे गाय म्हणजे जुगाडू माणूस. प्रयोगशाळेतल्या कितीतरी वस्तू त्यांनी स्वतः जोडून बनवल्या होत्या. त्यांची सगळ्यात प्रसिद्ध युक्ती म्हणजे फिरती नळी. शरीरात पेशींना रक्त आणि ऑक्सिजन सतत मिळत असतो. बाटलीत त्या एका जागी बुडून राहिल्या तर गुदमरतात. म्हणून त्यांनी नळ्या एका चाकात बसवल्या आणि चाक अगदी संथ फिरत ठेवलं. पेशी कधी द्रवात, कधी हवेत. पेशींचं जेवणही घरच्या घरी बनायचं. त्यात कोंबडीच्या रक्तातला द्रव, वासराच्या भ्रूणाचा अर्क, बाळंतपणानंतर नाळेतून घेतलेलं रक्त असं काय काय असायचं.

याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये माणसाच्या पेशींची पहिली अमर वंशावळ तयार झाली. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी बाटलीत वाढत राहिल्या, आणि आजही वाढतायत. पोलिओच्या लशीच्या चाचणीपासून असंख्य ठिकाणी त्या वापरल्या गेल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारल्या. त्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती. घरच्यांना हे सगळं कळलं थेट १९७० च्या दशकात.

ही बाजू विसरू नका. पेशी बशीत असली तरी ती कुणाची तरी असते. आज दंतवैद्यकात हिरडीच्या पेशी हव्या असतील, तर अक्कलदाढ काढताना निघालेला हिरडीचा बारीक तुकडा घेतात, पण त्याआधी रुग्णाची लेखी संमती घ्यावी लागते. हा नियम असा सहज आलेला नाही.

परळमध्ये पहिल्यापासून

कमलताई परत आल्या. तिकडेच राहिल्या असत्या तर कुणी आश्चर्य केलं नसतं. खानोलकरांनी १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू केलं होतं. तिथे त्या वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाल्या आणि प्रायोगिक जीवशास्त्र व टिश्यू कल्चर अशा दोन प्रयोगशाळा उभ्या करायच्या मागे लागल्या.

प्रयोगशाळा उभी करणं म्हणजे काय, याची कल्पना करा. आज प्लास्टिकच्या निर्जंतुक बशा पाकिटातून येतात, वापरून टाकून देता येतात. तेव्हा सगळं काचेचं. प्रत्येक बाटली घासायची, धुवायची, पुन्हा पुन्हा शुद्ध पाण्यानं विसळायची. साबणाचा जरासा अंश मागे राहिला तरी पेशी दुसऱ्या दिवशी मेलेल्या. तापमान ३७ अंश, ना कमी ना जास्त. हवेतला एक बुरशीचा कण पडला की आठवड्याची मेहनत वाया. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी किती जोरात असते, हे लोणावळ्याच्या हॉस्टेलवर कपडे वाळत घालणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मोठी अडचण पेशींच्या खाद्याची. त्याला मीडियम म्हणतात. साखर, क्षार, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं आणि प्राण्याच्या रक्तातलं सीरम, हे सगळं नेमक्या प्रमाणात. परदेशातून मागवायचं तर परकीय चलनाची टंचाई आणि लांबचा प्रवास. मग कमलताईंनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सहकाऱ्यांना घेऊन मीडियम आणि त्याला लागणारी रसायनं इथेच तयार करायचं ठरवलं. त्यांच्या चमूत जीवशास्त्र शिकलेले होते, तसे रसायनशास्त्र शिकलेलेही होते.

आता हे काम शोधनिबंधाच्या मथळ्यात चमकत नाही. मीडियम बनवलं म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. पण दुसऱ्याच्या पाकिटावर अवलंबून राहायचं नसेल, तर कुणी तरी हे करावंच लागतं. त्यांनी ते केलं, म्हणून त्यांच्या हाताखाली शिकलेले संशोधक पुढे आपल्या आपल्या प्रश्नांना भिडू शकले. कर्करोग कशामुळे होतो, पेशीचं जीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशक्ती, या विषयांचे नवे विभाग त्यांनी सुरू केले. कुष्ठरोगावरही काम केलं. कुष्ठरुग्णाच्या गाठीतून मिळालेले जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या त्या कामातून पुढे कुष्ठरोगाच्या लशीचा मार्ग निघाला.

१९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला. सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची धुरा सांभाळली. मेडिकलला न गेलेल्या मुलीला वैद्यक परिषदेनं गौरवलं, हे वाचून तिच्या वडिलांची आठवण येते खरी.

तुमची हिरडी, बशीत

आता पुन्हा तुमच्या दाताकडे या. टिश्यू कल्चरचं हे तंत्र हाती आलं की फिलिंगची परीक्षा कशी होते, ते बघू.

हिरडीच्या आतल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. मायक्रोस्कोपखाली त्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. त्यांचं काम कोलाजेनचे धागे विणायचं. हिरडी दाताला घट्ट धरून राहते ती या धाग्यांमुळे, आणि जखम भरते तीही यांच्यामुळेच. हिरडीचा तुकडा मीडियममध्ये ठेवला की काही दिवसांत या पेशी त्यातून बाहेर सरकतात आणि बशीचा तळ व्यापतात.

मग फिलिंगच्या पदार्थाची गोळी करून साधारण एक दिवस मीडियममध्ये बुडवून ठेवतात. त्यातून जे काही पाझरायचं ते पाझरतं. तो द्रव पेशींना देतात. शेवटी एक पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा रंग जांभळा करते, मेलेली करत नाही. जांभळा रंग जितका गडद, तितक्या पेशी धडधाकट. नुसत्या मीडियमवर वाढलेल्या पेशींच्या तुलनेत ७० टक्क्यांपेक्षा कमी जगल्या, तर तो पदार्थ पेशींना विषारी असू शकतो असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. प्रत्येक वेळी माणसाच्याच पेशी घेतात असंही नाही. मानक चाचणीत उंदराच्या, १९४० च्या दशकापासून वाढवलेल्या एका वंशावळीच्या पेशी आजही वापरतात.

या परीक्षेतून कळलेल्या काही गोष्टी तुमच्या थेट उपयोगाच्या आहेत.

दाताच्या रंगाचं फिलिंग, म्हणजे कॉम्पोझिट, हे राळेसारखा एक पदार्थ आणि काचेची बारीक पूड यांचं मिश्रण असतं. डेंटिस्ट निळा लाइट मारतो तेव्हा त्यातले सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ते कडक होतं. पण सगळे रेणू कधीच जोडले जात नाहीत. उरलेले पहिल्या काही तासांत, दिवसांत बाहेर पाझरतात. बशीतल्या फायब्रोब्लास्टना ते सोसत नाहीत. पेशीकडे स्वतःच्या बचावासाठी ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो या रेणूंशी लढताना संपत जातो. मग पेशी विभागायची थांबते, धागे कमी विणते, मात्रा वाढली तर मरते. लाइट नीट आणि पुरेसा वेळ मारला, तर पाझरणं बरंच कमी होतं. म्हणजे ते काही सेकंद खुर्चीत बसून कंटाळायचे नाहीत, महत्त्वाचे आहेत.

ग्लास आयनोमर नावाचं दुसरं एक फिलिंग आहे. लहान मुलांच्या दातांत आणि हिरडीजवळच्या खड्ड्यांत ते बऱ्याचदा भरतात. साधं ग्लास आयनोमर पेशींना तुलनेनं सौम्य ठरतं. त्यातच राळ मिसळून जो सुधारित प्रकार केला, तो जास्त टिकाऊ असतो, पण त्यातून तेच सुटे रेणू पाझरतात म्हणून पेशींना तो जास्त टोचतो. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असलेलं तात्पुरतं सिमेंट दुखणं थांबवतं, पण ताजं असताना बशीतल्या पेशींना ते चांगलंच कडक पडतं. घरगुती किंवा नैसर्गिक म्हणजे आपोआप सौम्य, हा समज पेशींना मान्य नाही.

आणि पृष्ठभाग. फायब्रोब्लास्टला पाय रोवायला नीट जागा लागते. खडबडीत फिलिंगवर जंतूंचा थर चिकटतो आणि त्यामुळे हिरडी सुजते. म्हणून भरून झाल्यावर पॉलिश करणं ही केवळ दिसण्यासाठीची गोष्ट नाही.

बशी म्हणजे तोंड नव्हे

इथे थांबून एक सावधगिरी बाळगा. हे वाचून कुणी लगेच फिलिंग काढून टाकायला जाऊ नका.

तोंडात रोज अर्ध्या ते दीड लिटरच्या घरात लाळ तयार होते. पाझरलेला पदार्थ ती पातळ करते, वाहून नेते. फायब्रोब्लास्टच्या वर त्वचेसारखा एक थर असतो, तो ढाल बनतो. खालून रक्त येत राहतं. बशीत यातलं काहीच नसतं. म्हणून बशीत पेशी मेल्या म्हणजे तोंडात अपाय होणारच असं नाही. उलट बशीत जगल्या म्हणजे वीस वर्षं काही होणार नाही, याचीही खात्री नाही. आणि कीड तशीच ठेवली तर काय होतं, हे तर सगळ्यांना माहीत आहे. बशी ही पहिली पायरी. तिथे नापास झालेला पदार्थ तसाच पुढे नेण्याची घाई करायची नाही, आणि पास झालेला पुढच्या पायरीवर न्यायचा.

कमलताईंनी आयुष्यभर असंच पायरी पायरीनं काम केलं. पेशींवर थांबल्या नाहीत. १९७० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखूचे अर्क घेऊन उंदरांवर आणि हॅमस्टर नावाच्या छोट्या प्राण्यांवर प्रयोग केले. हॅमस्टरच्या गालात धान्य साठवायची पिशवी असते. तिचं आतलं अस्तर आपल्या तोंडाच्या अस्तराशी तुलना करण्याजोगं असतं. विडा, सुपारी, तंबाखू यांचा तोंडाच्या पेशींवर काय परिणाम होतो, हे त्यांनी तिथे तपासलं. खानोलकरांनी रुग्णांमध्ये पाहिलेलं, आता प्राण्यांमध्ये घडताना बघायचं, म्हणजे योगायोग की कारण हे कळेल.

दोष फक्त तंबाखूचा, सुपारी बिचारी निष्पाप, असं तेव्हा बरेच जण मानत. जेवणानंतर सुपारी देणं हा तर आपल्याकडचा पाहुणचार. पण देशोदेशी झालेल्या अशा अभ्यासांचा पुरावा साचत गेला, आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं. कॉलेजच्या गेटबाहेरच्या टपरीवरची तंबाखू नसलेली पुडी घेताना हे आठवा. आणि गावी आजी सकाळी हिरडीला मिश्री लावत असेल, तर तिच्यावर ओरडू नका. शेजारी बसा आणि तिच्या हिरडीवर कुठे पांढरा चट्टा, न भरणारा फोड आहे का, ते बघा. असेल तर तिला डॉक्टरकडे घेऊन जा.

डोंगराळ तालुक्यात

१९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. दोनशेहून जास्त शोधनिबंध नावावर होते. निवृत्तीनंतर घरी बसून आठवणी सांगितल्या असत्या तरी चाललं असतं. कमलताई १९८९ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या. राजूरच्या सत्यनिकेतन या संस्थेबरोबर त्यांचं हे काम चाललं.

सह्याद्रीच्या कुशीतला हा भाग. धो धो पाऊस, भाताची खाचरं, महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. तुमच्यातले जे अंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळातून शिकायला येतात, त्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही. तिथे टिश्यू कल्चर नव्हतं, वजनकाटा होता. तिथल्या बायकांना आरोग्य आणि आहाराची माहिती देण्याचं कामही त्यांनी केलं. प्रश्न मात्र जुनाच होता. शरीरात काय जातंय आणि शरीर त्याला काय उत्तर देतंय?

ज्या मागे होत्या, त्यांच्यासाठी

एक गोष्ट राहिली, आणि मुलींनी ती नक्की वाचावी. मुलांनीही.

प्रयोगशाळेत हुशार मुली यायच्या, एम.एस्सी. करायच्या, आणि मग लग्न, बाळंतपण, सासर, बदली यात गळून जायच्या. कमलताईंना नवऱ्याची साथ होती, चांगला गुरू होता. सगळ्यांना तेवढं नशीब कुठलं? म्हणून १९७३ मध्ये त्यांनी आणखी अकरा जणींना घेऊन भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना सुरू केली. या संघटनेनं नुसती भाषणं केली नाहीत. वाशीला तिच्या आवारात नोकरदार महिलांचं वसतिगृह आणि पाळणाघर उभं राहिलं. बाळाला सुरक्षित ठेवायला जागा मिळाली, तर त्याची आई प्रयोगशाळेत परत येऊ शकते, हे त्यांना कळत होतं. मीडियम स्वतः बनवणाऱ्या बाईला हा हिशेब अवघड नव्हता. पेशी वाढायची तर तिला खाद्य आणि ऊब लागते. माणसाचं तरी वेगळं काय?

११ एप्रिल २००१ रोजी कमलताई गेल्या. त्यांचं परळचं कर्करोग संशोधन केंद्र पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झालं आणि नंतर खारघरला हललं. लोणावळ्याहून घाट उतरून एक्स्प्रेस-वेनं गेलात की कळंबोली संपताच खारघर येतं. बाहेरून कधी गेलात तर लक्ष ठेवा, तिथे आत इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर पेशी वाढत असतात.

तिथे पोचायला मेडिकलचीच सीट लागते असं नाही. बी.एस्सी., एम.एस्सी. झालेली मुलं-मुली अशा ठिकाणी संशोधनाला जातात. वनस्पतिशास्त्रातून आलेली एक मुलगी तिथली संचालक झाली होती. तेव्हा झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला उद्या कांद्याच्या मुळाची स्लाइड बघायची असेल, तर मित्राच्या जर्नलमधून आकृती उतरवून मोकळे होऊ नका. डोळा मायक्रोस्कोपला लावा, फोकस नीट करा आणि विभागत असलेली एक पेशी स्वतः शोधून काढा. कमल समर्थनं तेवढ्यापासूनच सुरुवात केली होती.